पीट बॉगच्या आम्लधर्मी मातीतले सूक्ष्मजीव: नमुन्यापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

आयर्लंडच्या मध्य भागातून प्रवास करताना झाडं नसलेली तपकिरी, ओलसर माळरानं लागतात. नवख्याला ती पडीक जमीन वाटते. प्रत्यक्षात तो पीट बॉग असतो. न कुजलेल्या वनस्पतींचे थर हजारो वर्षं एकावर एक साचून ही दलदल तयार झालेली असते. पृथ्वीवरच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भाग पीटचा आहे, पण जगभरच्या मातीत साठलेल्या कार्बनपैकी सुमारे एक तृतीयांश कार्बन त्यात आहे. तो तिथे टिकला, कारण तिथल्या सूक्ष्मजीवांना तो संपवता आलेला नाही. हे सूक्ष्मजीव स्वतःच्या डोळ्यांनी कसे पाहायचे, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ४०० पट मोठं दाखवणारा, शाळा-कॉलेजात असतो तसा सूक्ष्मदर्शक बहुतेक कामाला पुरतो. आयर्लंड, ब्रिटन, स्कँडिनेव्हिया, बाल्टिक देश किंवा कॅनडात राहणाऱ्या कुणालाही मुलांना सोबत घेऊन हे करता येईल. भारतात बसूनही यातला एक भाग जमतो, तो शेवटी दिला आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ठरवून टाका. बॉगमध्ये दोन-चार सेंटिमीटर वर-खाली झालं की वस्ती बदलते. वरच्या थरात ऑक्सिजन असतो, खाली नसतो. वर प्रकाश पोहोचतो, खाली काळोख असतो. त्यामुळे नमुना पाण्याच्या पातळीपासून किती उंचीवर होता हे लिहून ठेवलं नसेल, तर घरी आणलेल्या त्या मूठभर शेवाळाला फारसा अर्थ उरत नाही. पुढची प्रत्येक पायरी ही एक नोंद जपण्यासाठी आहे.

पायरी १: तो खरंच बॉग आहे ना, ते बघा

सगळी पीट जमीन आम्लधर्मी नसते. झऱ्याचं किंवा जमिनीखालचं पाणी जिथे येतं तिथल्या दलदलीला फेन म्हणतात. त्या पाण्यात कॅल्शियम असतं आणि सामू (पीएच; ७ पेक्षा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्लधर्मी) साधारण ५.५ च्या वर, कधी ७ च्याही पुढे जातो. बॉगला फक्त पाऊस मिळतो. खालच्या मातीशी त्याचा संबंध तुटलेला असतो, म्हणून क्षार जवळपास नाहीत आणि सामू बहुधा ३.५ ते ४.५ च्या दरम्यान असतो.

आयर्लंडच्या मध्य भागात दोन्हीचा इतिहास एकाच जागी सापडतो. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ओसरल्यावर तिथे तळी उरली. त्यांच्या काठाने बोरू वाढले, तळी भरत गेली, फेन तयार झाले आणि त्यावर स्फॅग्नम नावाचं शेवाळ चढत गेलं. पीट वर्षाला साधारण १ मिलिमीटर चढतं, म्हणजे मीटरभर जाडीत अंदाजे हजार वर्षं. शेवटी मधला भाग फुगून घुमटासारखा वर आला. ऑफली परगण्यातला क्लारा बॉग हा अशा घुमटाकार बॉगचा चांगला नमुना आहे. तिथे लाकडी पायवाट आहे आणि तिच्यावरून चालताना खाली डबकी, सखल भाग आणि उंचवटे एका नजरेत दिसतात. पहिली ओळख करून घ्यायला अशी जागा निवडा.

प्रत्यक्ष जागेवर ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. जमिनीवर स्फॅग्नमचा गुबगुबीत थर असतो: हिरवा, पिवळसर किंवा वाइनसारखा लाल. मध्येमध्ये पांढरे झुबके असलेलं कॉटनग्रास आणि उंचवट्यांवर हेदर. नीट पाहिलं तर चिकट थेंबांचं दवबिंदू हे कीटकभक्षी रोप दिसतं. कासच्या पठारावर जे दवबिंदू आपण पाहतो त्याच कुळातलं. मातीत नायट्रोजन नसला की वनस्पती कीटकांकडे वळते, हे दोन्हीकडे सारखंच. डबक्यातलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं पण स्वच्छ असतं.

बॉगला हा आंबटपणा बऱ्याच अंशी स्फॅग्नमच देतं. त्याच्या पेशीभित्तिकेत युरोनिक आम्लं भरपूर असतात. पावसाच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे कण ते धरून ठेवतं आणि बदल्यात हायड्रोजनचे आयन पाण्यात सोडतं. अर्धवट कुजलेल्या पाल्यातून येणारी सेंद्रिय आम्लं त्यात भर घालतात. म्हणजे ही वनस्पती आपल्या सोयीचं, इतरांना न झेपणारं वातावरण स्वतःच तयार करते.

पायरी २: परवानगी, पाय आणि हात

युरोपीय संघाच्या अधिवास संरक्षण कायद्यात स्फॅग्नमच्या संपूर्ण प्रजातीची नोंद आहे, आणि बरेचसे चांगले बॉग राखीव आहेत. राखीव जागेतून चिमूटभरही नेण्याआधी आयर्लंडमध्ये नॅशनल पार्क्स अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे विचारा. खासगी जमीन असेल तर मालकाला. अभ्यासासाठी थोडं हवं आहे असं नीट सांगितलं तर लोक ऐकून घेतात. राखीव जागी न विचारता काढलेला नमुना विज्ञानाच्या कामाचा असला तरी मला तो मान्य नाही. बॉगवर पडलेलं एक पाऊलही बराच काळ दिसत राहतं.

एकट्याने जाऊ नका. हिरवंगार, सपाट आणि मऊ दिसणारं ठिकाण बहुधा सर्वांत खोल असतं. काठीने चाचपून पाऊल टाका आणि वजन कॉटनग्रासच्या गड्ड्यांवर ठेवा. गमबूट घाला. विजार मोज्यात खोचा, कारण हेदरमध्ये गोचिडी असतात आणि त्यांच्यातून लाइम रोग होऊ शकतो.

हातमोज्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण लोक हे टाळतात. स्फॅग्नमवर स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असू शकते. हाताला कापलेलं असेल तर ती आत शिरते आणि त्वचेवर गाठी येत हळूहळू वर सरकतात. माळीकाम करणाऱ्यांमध्ये हा आजार ओळखीचा आहे. पातळ रबरी हातमोजे पुरतात.

पायरी ३: नमुना घेणे

सोबत काय घ्यायचं: झाकणाच्या छोट्या बाटल्या किंवा ५० मिलिच्या नळ्या, कात्री, पट्टी, पेन्सिल, कागदाच्या चिठ्ठ्या आणि वही. पेनाची शाई ओल्यात पसरते, म्हणून पेन्सिलच. फोनमधलं पातळी दाखवणारं ॲप असेल तर उत्तम.

बॉगचा पृष्ठभाग चार मजल्यांत वाटून घ्या. पाण्याचं डबकं, त्याच्या काठचा ओला सखल भाग, त्यावरचा सपाट गालिचा आणि शेवटी कोरडा उंचवटा. बॉगवर पहिल्यांदा गेलात तर प्रत्येकाचा एकच नमुना घ्या. चार नमुने नीट पाहायलाच दोन संध्याकाळी जातात, आणि जास्त आणलेलं फ्रिजमध्ये पडून राहतं.

जवळच्या डबक्याचं पाणी म्हणजे शून्य धरा. एक सरळ काठी डबक्यावरून नमुन्याच्या जागेपर्यंत आडवी धरा, फोनने तिची पातळी तपासा आणि नमुन्याचं टोक पाण्यापासून किती सेंटिमीटर वर आहे ते पट्टीने मोजा. पाण्याखालचा नमुना असेल तर उणे चिन्ह लावा. ही मोजणी काटेकोर नसते, पण २ सेंटिमीटर आणि २० सेंटिमीटरमधला फरक नक्की कळतो. संरक्षित जागी पाण्याची पातळी बघायला खड्डा खणू नका.

आता स्फॅग्नमच्या पाच ते दहा काड्या बोटांनी हलकेच वेगळ्या करा. मूठभर उपटू नका. काड्या कात्रीने दोन तुकड्यांत कापा: वरचे ३ सेंटिमीटर एका बाटलीत, त्याखालचे ३ दुसऱ्या बाटलीत. वरचा भाग हिरवा आणि जिवंत असतो, खालचा फिकट तपकिरी. दोन्हींतली वस्ती वेगळी निघते. चिठ्ठीवर तारीख, जागा, मजला, पाण्यापासूनची उंची आणि तुकडा वरचा की खालचा हे लिहा आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. बाहेरून चिकटवलेली ओली होऊन गळून पडते.

डबक्यातून वेगळी एक बाटली भरा. तळाचा गाळ ढवळू न देता पाण्यातल्या स्फॅग्नमचा एक झुपका बाटलीवर धरून पिळा. डेस्मिड नावाची सुंदर हिरवी शैवालं या पिळलेल्या पाण्यात भरपूर मिळतात.

नमुने थंड जागी न्या आणि फ्रिजमध्ये सुमारे ४ अंशांवर ठेवा. ओले ठेवा, बुडवून नको. पहिल्या एक-दोन दिवसांत पाहिलं तर हालचाल करणारे जीव दिसतात. कवचं आठवड्यांनीही तशीच राहतात.

पायरी ४: सामू आणि क्षार मोजा

इथे बहुतेकांचा आकडा चुकतो. सामू मोजायच्या कागदी पट्ट्या बॉगच्या पाण्यात भरवशाच्या नाहीत. पाणी मुळात तपकिरी, त्यात क्षार इतके कमी की पट्टीवरचा रंगच पाण्याचा सामू बदलू शकतो. छोटा सामूमापक वापरा. तो ४ आणि ७ या दोन द्रावणांनी जुळवून घ्या. फक्त ७ च्या द्रावणाने जुळवलेलं यंत्र ४ च्या आसपास घसरतं.

स्फॅग्नम पिळून काढलेल्या पाण्यात इलेक्ट्रोड बुडवा, हलकेच हलवा आणि थांबा. क्षार कमी असल्यामुळे आकडा स्थिर व्हायला काही मिनिटं लागतात. घाईने लिहिलेला ५.२ थोड्या वेळाने ४.२ होऊ शकतो. शक्य असेल तर विद्युत वाहकताही मोजा. बॉगच्या पाण्यात ती बहुधा १०० मायक्रोसिमेन्सच्या आत असते. यापेक्षा खूप जास्त आली तर जमिनीखालचं पाणी किंवा शेतातला निचरा तिथे पोहोचतोय का, ते तपासा.

तुलनेसाठी: स्वच्छ पावसाच्या पाण्याचा सामू सुमारे ५.६ असतो. सामूची मोजपट्टी दहापटींची असल्यामुळे ४.० चं पाणी त्यापेक्षा जवळपास चाळीसपट आम्लधर्मी असतं.

पायरी ५: सूक्ष्मदर्शकाखाली

नळाचं पाणी वापरू नका. आयर्लंडच्या मध्य भागात चुनखडी असल्याने नळाचं पाणी जड असतं, त्यात क्लोरीनही असतं. आंबट, क्षार नसलेल्या पाण्याला सरावलेल्या पेशी त्यात टिकत नाहीत. सगळं धुणं आणि पातळ करणं साठवलेल्या पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने करा.

सुरुवात स्फॅग्नमच्या पानाने करा. काडीच्या फांदीवरून चिमट्याने एकच पान काढा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हर स्लिप टाका आणि १०० पटीवर पाहा. पान एका पेशीएवढंच जाड असतं. त्यात दोन प्रकारच्या पेशी दिसतात: अरुंद, हिरव्या, जाळीसारख्या गुंफलेल्या, आणि त्यांच्यामधल्या मोठ्या, रिकाम्या, पारदर्शक. रिकाम्या पेशींच्या भिंतींवर आडवे पट्टे असतात आणि त्यांना गोल छिद्रं असतात. या पेशी मेलेल्या आहेत आणि त्या पाण्याने भरतात. त्यांच्यामुळेच स्फॅग्नम आपल्या कोरड्या वजनाच्या १५ ते २० पट पाणी धरतं. आता ४०० पटीवर जा आणि छिद्रांमधून आत बघा. एखाद्या पेशीत गोल हिरवं शैवाल, एखादीत हळूहळू वळणारा सूक्ष्म जीव सापडतो. वनस्पतीच्या मेलेल्या पेशीत दुसरा जीव राहतोय हे दृश्य पहिल्या झटक्यात मिळेलच असं नाही. पाच-सात पानं बदलून बघा.

मग पिळलेल्या पाण्याकडे वळा. नमुना एका वाटीत पावसाच्या थोड्या पाण्यात हलवा, पिळा, काड्या बाजूला काढा आणि अर्धा तास तसंच ठेवा. साका खाली बसला की ड्रॉपरने वरचं नव्हे, तळाचं थेंबभर पाणी उचला.

डबक्याच्या नमुन्यात आधी डेस्मिड शोधा. प्रत्येक पेशी दोन अगदी सारख्या अर्ध्या भागांची बनलेली असते. मायक्रॅस्टेरिअस ही त्यातली सर्वांत देखणी, कडेने नाजूक चिरा असलेली चकती. क्लोस्टेरियम चंद्रकोरीसारखी वाकलेली असते. तिच्या दोन्ही टोकांना एक छोटी पोकळी असते आणि त्यात बारीक स्फटिक सतत थरथरत असतात. ४०० पटीवर टोकावर लक्ष केंद्रित करून थोडा वेळ थांबा, थरथर स्पष्ट दिसते. पेशी मेली असेल तर कोर तपकिरी झालेली असते, ती सोडून द्या.

आता या लेखातला माझ्या सर्वांत आवडीचा भाग: कवचधारी अमीबा. अमीबाचं चित्र शाळेत सगळ्यांनी काढलं आहे. बॉगमधले अमीबा मात्र स्वतःभोवती कवच बांधतात, त्याला एक तोंड ठेवतात आणि त्यातून पाय बाहेर काढून अन्न पकडतात. ओल्या गालिचाच्या वरच्या ३ सेंटिमीटरांत हायलोस्फेनिया पॅपिलिओ बघायचा. साधारण ०.१ मिलिमीटर लांब, चपटं, पिवळसर आणि इतकं पारदर्शक कवच की आतला जीव सरळ दिसतो. आत हिरवे गोल ठिपके भरलेले असतात. ते त्याच्या शरीरात राहणारं शैवाल आहे. ते प्रकाशातून अन्न तयार करतं, अमीबाला देतं आणि बदल्यात आसरा घेतं. म्हणून हा जीव प्रकाश पोहोचणाऱ्या थरातच सापडतो. तुमच्या खालच्या तुकड्यात त्याची फक्त रिकामी कवचं मिळाली तर आश्चर्य वाटू देऊ नका. उंचीची नोंद का हवी, ते इथे डोळ्यांनी पटतं.

आर्चेरेला फ्लेव्हम हाही शैवाल बाळगणारा, आकाराने लहान, तपकिरी-पिवळा. त्याच्या कवचाला दोन्ही टोकांना तोंड असतं, त्यामुळे तो पटकन ओळखू येतो. त्याला खूप ओली जागा लागते. ॲसुलिना मस्कोरम तपकिरी अंडाकृती आहे, तोंडाची कड दातेरी. युग्लिफाचं कवच रंगहीन असून त्यावर सिलिकाचे खवले ओळीने रचलेले असतात. नेबेला हा शिकारी आहे. तो युग्लिफासारख्या छोट्या भाईबंदांना खातो आणि त्यांचे खवले आपल्या कवचात बसवतो. त्याच्या कवचावर वेगवेगळ्या मापाच्या तबकड्या दिसतात त्या अशा दुसऱ्यांच्या असतात. आर्सेला वरून गोल दिसतो आणि मध्ये तोंडाचं वर्तुळ असतं. कोरड्या उंचवट्यावर ट्रिगोनोपिक्सिस आर्क्युला मिळतो, काळपट, खडबडीत, त्रिकोणाकडे झुकणाऱ्या तोंडाचा.

नावं पहिल्या दिवशी पाठ होत नाहीत. चित्र काढा. फोनचा कॅमेरा भिंगावर धरून फोटो घेता येतो, पण चित्र काढताना तोंड कुठे आहे, कडा दातेरी आहेत की गुळगुळीत, कवच कशाचं बनलं आहे हे डोळ्याला नीट दिसतं.

शेवटी एक चकवा. सुरईच्या आकाराचं, मान असलेलं गुळगुळीत कवच दिसलं तर ते अमीबाचं नसण्याची शक्यता आहे. हॅब्रोट्रोका नावाचा रोटिफर, म्हणजे एक अतिसूक्ष्म प्राणी, असं घर बांधतो. जिवंत असेल तर त्याच्या डोक्यावरची केसांची चक्रं फिरताना दिसतील.

पायरी ६: मोजणी, आणि तिचा अर्थ

नुसतं पाहून झालं की मोजा. काचपट्टी एका कोपऱ्यापासून सरळ ओळीत सरकवा, दुसऱ्या ओळीत परत या आणि दिसलेलं प्रत्येक कवच नोंदवा. सुंदर दिसेल तेवढंच मोजायचा मोह होतो, तो आवरा. या विषयातले संशोधक एका नमुन्यातून साधारण १५० कवचं मोजतात. शिकत असताना ५० मोजली तरी ढोबळ चित्र मिळतं. जिवंत आणि रिकामी कवचं वेगळ्या रकान्यात लिहा.

नमुन्यात काडीकचरा फार असेल तर गाळणी लागते. प्रयोगशाळेत ३०० मायक्रॉनच्या जाळीने मोठा कचरा वर अडवतात आणि १५ मायक्रॉनच्या जाळीवर कवचं राखतात. घरी बारीक चहाच्या गाळणीने पहिली अर्धी पायरी जमते. दुसरी सोडून दिली तर फक्त बघायला जास्त वेळ लागतो.

आता चारही मजल्यांचे आकडे पाण्यापासूनच्या उंचीसमोर मांडा. ओल्याकडे आर्चेरेला, कोरड्याकडे ट्रिगोनोपिक्सिस असा उतार दिसू लागेल. याच उताराच्या जोरावर शास्त्रज्ञ जुन्या काळचा पाऊसपाणी वाचतात. अमीबा मेला तरी कवच आंबट, ऑक्सिजन नसलेल्या पीटमध्ये हजारो वर्षं टिकतं. पीटचा उभा गाभा काढून प्रत्येक थरातली कवचं मोजली, की त्या काळी पाणी किती खोल होतं याचा अंदाज बांधता येतो. नेमकं हे काम आजच्या उंचीच्या नोंदींशिवाय होऊच शकत नाही.

पायरी ७: जे दिसत नाही त्याची खूण

जिवाणू ४०० पटीवर ठिपक्यांपलीकडे दिसत नाहीत, पण ते काय करतात हे बघता येतं.

ऑक्सिजन कुठपर्यंत जातो हे बघायला साध्या लोखंडाची, रंग न दिलेली, गंज न चढलेली सुमारे ६० सेंटिमीटरची सळई पीटमध्ये उभी खुपसा आणि काही आठवडे राहू द्या. बाहेर काढल्यावर वरचा भाग गंजलेला दिसतो आणि एका ठिकाणी गंज थांबतो. तिथपर्यंत ऑक्सिजन पोहोचत होता. ती रेषा पाण्याच्या पातळीजवळ असते. जागा दोरी बांधून लक्षात ठेवा आणि सळई न विसरता काढून आणा.

त्या रेषेखाली वेगळंच राज्य आहे. तिथे काही जिवाणू वनस्पतींचे अवशेष आंबवून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि ॲसिटेट तयार करतात. त्यावर मिथेन बनवणारे आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) जगतात. इतक्या आम्लधर्मी जागेत राहणारा एक मिथेनजनक शुद्ध रूपात वाढवायला २००६ साल उजाडावं लागलं. न्यूयॉर्क राज्यातल्या मॅक्लीन बॉगमधून मिळालेला हा जीव मेथॅनोरेग्युला बूनी. ५ च्या आसपासच्या सामूत तो सर्वांत छान वाढतो.

डबक्याच्या तळात काठी खुपसली तर बुडबुडे येतात, त्यात मिथेन असतो. इटलीत व्होल्टाने १७७६ मध्ये मॅजोरे सरोवराच्या काठच्या दलदलीतून असाच वायू गोळा केला होता. पाण्याने भरलेली बाटली उलटी धरून तिच्या तोंडाला नरसाळं लावलं की तुम्हालाही गोळा करता येईल. पेटवून बघू नका, विशेषतः मुलं सोबत असताना आणि कोरड्या हेदरजवळ तर अजिबातच नाही.

हा मिथेन वर येताना गंजाच्या रेषेजवळ मिथेन खाणाऱ्या जिवाणूंच्या तावडीत सापडतो. त्यांतले काही स्फॅग्नमच्या त्याच रिकाम्या पेशींत राहतात. ते मिथेनचा कार्बन डायऑक्साइड करतात आणि स्फॅग्नम तो वापरतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाण्यात बुडालेल्या स्फॅग्नमच्या कार्बनपैकी १० ते १५ टक्के असा मिथेनमधून आलेला असतो.

पीट कुजत का नाही याचं एक चांगलं स्पष्टीकरण वेल्समधल्या संशोधकांनी २००१ मध्ये मांडलं. फिनॉल फोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन लागतो. पाण्याखाली ऑक्सिजन नाही, म्हणून फिनॉल साचत जातं, आणि साचलेलं फिनॉल इतर विकरांचंही काम अडवतं. चर खणून बॉगचा निचरा केला की ऑक्सिजन आत जातो, हे कुलूप उघडतं आणि हजारो वर्षांचा कार्बन हवेत जाऊ लागतो. आयर्लंडमध्ये बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने २०२१ मध्ये पीट काढणं कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं. चर बुजवून पाणी पुन्हा वर आणणं म्हणजे सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने ते कुलूप परत लावणं आहे. हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

पायरी ८: चहाच्या पुड्या पुरा

कुजण्याचा वेग मोजायला जगभर एक स्वस्त पद्धत वापरतात, ती २०१३ मध्ये मांडली गेली. जाळीदार पुडीतला ग्रीन टी आणि तशाच पुडीतला रूइबॉस घ्या. दोन्ही वाळवून, वजन करून, ८ सेंटिमीटर खोल पुरा. सुमारे ९० दिवसांनी काढा, माती हलक्या हाताने झटका, ७० अंशांवर ४८ तास वाळवा आणि पुन्हा वजन करा. ग्रीन टी लवकर कुजतो, रूइबॉस हळू.

तशाच पुड्या त्याच दिवशी घरच्या बागेतही पुरा. बागेतल्या आणि बॉगमधल्या वजनातला फरक शेजारी शेजारी लिहिला की मुलांना लगेच समजतं. बॉगमध्येही एक जोडी उंचवट्यात आणि एक सखल ओल्या जागी ठेवा. दोन्हीकडे पुडी ८ सेंटिमीटर खोलच असली, तरी पाण्यापासूनचं अंतर वेगळं आहे आणि निकाल त्यावर ठरतो.

प्रयोगशाळा असेल तर

बॉगमधले जिवाणू वाढवायचे असतील तर नेहमीचं पोषक माध्यम विसरा. आम्लधर्मी बॉगमधले मिथेनभक्षी जिवाणू अनेक वर्षं कुणालाच वाढवता येत नव्हते. रशियातल्या स्वेतलाना डेडिश आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ते जमवलं, ते क्षार अगदी कमी असलेलं, आम्लधर्मी माध्यम वापरून. मेथिलोसेला पॅलुस्ट्रिस या जिवाणूचं वर्णन २००० मध्ये आलं. या जीवांना भरपूर खाऊ घातलं की ते वाढत नाहीत.

म्हणून माध्यम दहापट पातळ करा, सामू ४.५ ते ५.५ ठेवा आणि तापमान २० अंशांच्या आसपास. आम्लधर्मी माध्यमात अगार तापवलं तर नीट गोठत नाही, म्हणून अगार वेगळं निर्जंतुक करून मग मिसळा, किंवा जेलन गम वापरा. आणि धीर धरा. ॲसिडोबॅक्टेरिया हा बॉगमधला एक मोठा गट, त्याच्या वसाहती दिसायला कित्येक आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी उगवलेल्या मोठ्या चकचकीत वसाहती बहुधा तुम्हाला हव्या असलेल्या नसतात, त्यांच्या नादाने थाळी फेकून देऊ नका.

डीएनए काढणार असाल तर पीटमधली ह्यूमिक आम्लं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, अडवतात. ती काढून टाकणारा मातीसाठीचा किट घ्या आणि डीएनए पातळ करून एक नळी जास्तीची लावा.

महाराष्ट्रात बसून काय करता येईल

आपल्याकडे असा बॉग नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर माती आम्लधर्मी आणि क्षारांना कंगाल असते, पावसाळी डबक्यांत डेस्मिड शोधायला त्या जागा चांगल्या, पण तिथे पीट साचत नाही, कारण उन्हाळ्यात सगळं वाळतं. दक्षिणेत निलगिरीच्या उंचावर, सँडिनल्लासारख्या ठिकाणी जुनं पीट आहे. मिथेनभक्षी जिवाणूंसाठी भाताचं खाचर ही आपली जागा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असे जिवाणू भातशेतीतून वाढवले गेले आहेत.

खऱ्या बॉगची कवचं मात्र घरी पाहता येतात. रोपवाटिकांमध्ये बाल्टिक देशांतून किंवा कॅनडातून आलेलं पीट मॉस असतं. त्यासाठी पोतं विकत घेऊ नका, ओळखीच्या रोपवाटिकेतून मूठभर मागून आणा. कोकोपीट चालणार नाही, ते नारळाच्या काथ्याचं असतं आणि त्याचा बॉगशी काही संबंध नाही. चमचाभर पीट डिस्टिल्ड पाण्यात १० मिनिटं उकळा, चहाच्या गाळणीने गाळा, अर्धा तास निवळू द्या आणि तळाचा साका काचपट्टीवर घ्या. ॲसुलिनाची तपकिरी कवचं आणि स्फॅग्नमची जाळीदार पानं शोधा. वरच्या थरातलं पीट असेल तर ती शेकडो, खालच्या थरातलं असेल तर हजारो वर्षांपूर्वीची असू शकतात.

या पिशवीतल्या पीटचा सामू मोजून बॉगचा अंदाज बांधू नका. रोपांना सोसावं म्हणून त्यात बहुधा चुना मिसळलेला असतो. मोजणी करून पाण्याची पातळीही काढू नका, कारण यंत्राने वर-खालचे थर एकत्र केलेले असतात आणि कुठलं कवच कुठल्या खोलीवरचं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ओळखायला शिकण्यासाठी मात्र ते उत्तम आहे. थेंबभर ग्लिसरॉलमध्ये कवचं ठेवून कव्हर स्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद केल्या, तर ती काचपट्टी पुढची बरीच वर्षं शिकवायला वापरता येते.